राष्ट्रपतींची सही आणि भिलाईचा ठेकामजूर

१९६९ च्या ऑगस्टमधली राष्ट्रपतिपदाची निवडणूक मराठी माणसाला आठवते ती बहुधा चिंतामणराव देशमुखांमुळे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले चिंतामणराव त्या वेळी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभे होते. पहिल्या पसंतीच्या मतांचं १,१२,७६९ एवढं मूल्य मिळवून ते तिसरे आले. खरी झुंज वराहगिरी वेंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात होती. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा निसटत्या फरकाने निवडून आले, आणि काही महिन्यांत काँग्रेस दुभंगली.

त्या निवडणुकीची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. गिरी हे मुळात कामगार पुढारी. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना त्यांनी बांधली होती, १९२७ मध्ये खरगपूरचा संप लढवला होता. नागपूरहून निघून दुर्ग, भिलाई, रायपूर, बिलासपूर अशी पूर्वेकडे जाते तीच ही रेल्वे. मालक आणि कामगार यांनी समोरासमोर बसून तडजोड करावी, प्रत्येक तंटा न्यायाधिकरणाकडे नेऊ नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ साली त्यांनी केंद्रातलं कामगार मंत्रिपद सोडलं होतं. असा माणूस राष्ट्रपती भवनात गेला आणि वर्षभराने, ५ सप्टेंबर १९७० रोजी, त्याच्या सहीने कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा झाला.

हा कायदा गिरींमुळे झाला असं म्हणता येणार नाही. विधेयक १९६७ सालीच लोकसभेत मांडलं गेलं होतं. त्यातला गाभा तर आणखी जुना आणि मुंबईचा: तिथल्या स्टँडर्ड व्हॅक्यूम तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या साफसफाईच्या ठेक्याविरुद्ध कामगार लढले आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. काम बारमाही आहे का, उद्योगाला ते अटळ आहे का, इतर ठिकाणी ते कायम कामगार करतात का, हे त्या निकालातले प्रश्न कायद्याच्या दहाव्या कलमात जवळजवळ तसेच उतरले. उत्तरं ‘होय’ अशी आली तर सरकारने त्या कामातली ठेकेदारी बंद करावी. वीस किंवा अधिक मजूर असतील तर ठेकेदाराने परवाना घ्यावा, आणि त्याने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती चुकती करावी. १० फेब्रुवारी १९७१ पासून हे सगळं कागदावर लागू झालं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की कामगार कायद्याची दिशा बदलते, हे तिथला प्रत्येक मालक आणि प्रत्येक संघटना गृहीत धरते. १९३२ ला रूझवेल्ट आले आणि १९३५ ला संघटना करण्याचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आला. १९८० मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्यांनी संप केला तेव्हा रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केलं. भारतात राष्ट्रपतीच्या हाती अशी सत्ता नाही. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. पण संसदेने केलेला कायदा, संसद बसलेली नसताना निघणारा वटहुकूम, राज्याचं सरकार दूर करून येणारी राष्ट्रपती राजवट, या सगळ्यांवर सही त्याचीच असते. त्यामुळे दिल्लीत कोण निवडून आलं आणि त्यातून कामगारांचं काय झालं, हे पाहायचं तर या सह्यांचा माग काढणं हा एक मार्ग आहे. भिलाईत तो फार स्पष्ट दिसतो.

भिलाईची सुरुवातच मराठी मुलखाशी जोडलेली आहे. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत तीच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टरांची आखीव नगरी, शाळा, मोठं रुग्णालय, कायम नोकरी, घरभाडं, बोनस: स्वतंत्र भारताने कामगाराला जे द्यायचं ठरवलं होतं ते भिलाईत खरोखर दिलं गेलं, आणि ही लहान गोष्ट नव्हे.

पण भट्टीला लागणारं लोहखनिज यायचं सुमारे नव्वद किलोमीटर दक्षिणेच्या दल्ली-राजहरा खाणींतून, आणि तिथे ते फोडणारे, टोपल्यांनी उचलणारे, ट्रकमध्ये भरणारे हजारो मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हतेच. ते ठेकेदाराचे. आसपासच्या गावांतले आदिवासी आणि शेतकरी, नवरा खनिज फोडतो आणि बायको रेजा म्हणून वाहते अशी जोडपी. खाण सरकारी, खनिज सरकारी, भट्टी सरकारी. मजूर तेवढा खासगी. कायम कामगाराला काढणं कायद्याने कठीण केलं म्हणून मालक ठेक्याकडे वळले, असा युक्तिवाद आज वारंवार ऐकू येतो. कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १९७६ साली आली. दल्ली-राजहऱ्यातली ठेकेदारी त्याच्या कितीतरी आधीची आहे. भिलाईपुरता तरी तो युक्तिवाद टिकत नाही.

यात मुंबईचा एक वारसा मिसळला होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि पुढच्याच वर्षी त्याने संपावर जाचक अटी घालणारा औद्योगिक कलह कायदा आणला. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच निवडणुकीतून विधिमंडळात पोचला होता; त्याने आणि कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. १९४६ ची निवडणूक झाली आणि त्याच काँग्रेसने मुंबई औद्योगिक संबंध कायदा केला. त्यात एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना आली, वाटाघाटींचा अधिकार फक्त तिला. गिरणगावाने त्याची किंमत १९८२ च्या संपापर्यंत मोजली. मध्य प्रदेशने १९६० साली केलेला औद्योगिक संबंध कायदा याच घडणीचा होता. संघटना मान्यतेची असली तर सगळं काही, नसली तर दारही उघडायचं नाही, ही पद्धत भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात या वाटेने रुजली. खाणींना केंद्राचा कायदा लागू असला, तरी तिथेही सही कोणाची चालते हे ठरलेलंच होतं.

दुसरी सही फक्रुद्दीन अली अहमद यांची. आणीबाणी जाहीर करणारी त्यांची सही सर्वांना ठाऊक आहे. तिच्यानंतर तीन महिन्यांनी, १९७५ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांच्याच सहीने बोनसचा वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला. संप करणं तर तेव्हा अशक्यच होतं. भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये एकेकाळी काम केलेला, तिथून काढून टाकला गेलेला आणि मग दानीटोलाच्या खाणीत मजुरी करणारा शंकर गुहा नियोगी नावाचा बंगाली तरुण या काळात तुरुंगात होता.

१९७७ च्या मार्चमध्ये देश मतदानाच्या तयारीत असताना दल्ली-राजहऱ्यात बोनसवरूनच ठिणगी पडली. मान्यताप्राप्त संघटनांनी केलेल्या करारात विभागीय कामगाराला ३०८ रुपये आणि ठेकामजुराला ७० रुपये ठरले. खाण तीच आणि खनिज तेच. ठेकामजूर काम टाकून लाल मैदानात येऊन बसले. त्यांनी जुन्या संघटनांचे झेंडे नाकारले आणि नुकत्याच सुटलेल्या नियोगींना बोलावून आणलं. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ असा जन्मला, लाल-हिरव्या झेंड्याचा: लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा.

त्याच महिन्यात दिल्लीत सरकार पडलं. आणीबाणीविरुद्ध लढलेले, तुरुंगात गेलेले लोक मंत्री झाले. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखा रेल्वे संपाचा नेता मंत्रिमंडळात होता. खाणमजुरांनी या बदलाकडून आशा ठेवली असेल तर ती अगदी स्वाभाविक होती. त्यांच्या मागण्या तरी काय होत्या? मालकाच्या कारणाने काम बंद राहिलं त्या दिवसांची काही मजुरी, आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीसाठी शंभर रुपये.

आणि इथे तिसरी सही येते. फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद वारले होते, उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती राष्ट्रपतीचं काम पाहत होते. नव्या जनता सरकारने नऊ राज्यांतली काँग्रेस सरकारं बरखास्त करायचं ठरवलं. जत्ती आधी सहीला तयार नव्हते. ३० एप्रिलला त्यांनी ती केली. मध्य प्रदेश त्या नवांपैकी एक. जूनच्या मध्यात विधानसभेची निवडणूक ठरली, आणि तोवर भोपाळला ना मुख्यमंत्री ना आमदार, फक्त राष्ट्रपती राजवट.

घरदुरुस्तीच्या पैशावर मेअखेर समझोता झाला आणि लगेच तो फिरवला गेला. २ जूनच्या रात्री पोलीस लाल मैदानात आले आणि नियोगींना उचलून घेऊन गेले. मजुरांनी मागे राहिलेल्या पोलिसांना वेढा घातला: आमचा माणूस परत द्या. गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला. अकरा माणसं मेली. त्यांत अनसूयाबाई होती आणि सुदामा नावाचं एक पोर होतं.

या गोळीबाराचा जाब कोणाला विचारायचा? जुनं सरकार गेलेलं, नवं यायचं होतं. विधानसभा अस्तित्वात नव्हती, म्हणजे तिथे प्रश्न विचारायला एकही आमदार नव्हता. हुकूम देणारी साखळी राज्यपालांमार्फत दिल्लीला, म्हणजे थेट कामगारांच्या मित्रांच्या सरकारला जाऊन पोचत होती. कैलास जोशी यांचं जनता मंत्रिमंडळ २४ जूनला शपथ घेऊन मोकळं झालं, तोवर राजहऱ्याची माती वाळली होती. संप मात्र मोडला नाही. बांबू-बल्लीचा पैसा अखेर द्यावा लागला. मजुरांनी तो मतपेटीतून नव्हे, अकरा प्रेतं मोजून मिळवला.

जनता सरकारने काहीच केलं नाही असंही नाही, आणि ते नोंदवलं पाहिजे. किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्के झाला. देशभरच्या लाखो कामगारांच्या हातात त्यामुळे पैसा आला. पण १९७८ साली त्या सरकारने आणलेलं औद्योगिक संबंध विधेयक जवळजवळ सगळ्या संघटनांनी धुडकावलं, आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते संपलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बस्तरच्या बैलाडिला खाणींतही कपातीविरुद्ध लढणाऱ्या ठेकामजुरांवर गोळ्या चालल्या. त्या वेळी राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे जनता पक्षच होता. १९८० ला इंदिरा गांधी परतल्या. १९८२ च्या दुरुस्तीने कपातीसाठी परवानगीची अट तीनशेऐवजी शंभर कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली. आणीबाणी लादणाऱ्याच नेतृत्वाने केलेली ही दुरुस्ती कायम कामगाराच्या बाजूची होती. पक्षाच्या नावावरून कायद्याचा अंदाज बांधणाऱ्याची इथे नेहमीच फसगत होते.

राजहऱ्याच्या मजुरांनी मधल्या काळात वेगळंच काही उभं केलं. दारूबंदीची मोहीम चालवली. खाणीत पूर्ण यांत्रिकीकरण आलं तर हजारोंची रोजी जाईल, म्हणून अर्ध-यांत्रिकीकरणाचा स्वतःचा आराखडा मांडला. ३ जून १९८३ ला, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय सुरू केलं. ते आजही चालू आहे. निवडणूकही त्यांनी टाळली नाही: त्यांच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे जनकलाल ठाकूर १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये डौंडी-लोहाऱ्यातून विधानसभेत गेले. तीनशेहून अधिक आमदारांच्या सभागृहात एक माणूस कायदा बदलू शकत नाही. पण १९७७ सारखं, विचारायला कोणीच नाही, असं पुन्हा होऊ नये एवढं तरी त्यातून साधलं.

१९९० मध्ये नियोगी खाणींतून भिलाईला आले. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या खासगी कारखान्यांत, अभियांत्रिकी, सिमेंट आणि मद्यार्काच्या उद्योगांत, वर्षानुवर्षं राबणारे मजूर ठेकेदाराच्या नावावर होते. मध्य प्रदेशच्या प्रमाण स्थायी आदेशांत स्पष्ट तरतूद होती: रिक्त जागेवर सहा महिने समाधानकारक काम केलेला कामगार कायम. भिलाईच्या आंदोलनाची मागणी जगावेगळी नव्हती. आहे तो कायदा लागू करा, एवढीच होती. पण हजेरीपटावर नावच नसेल तर सहा महिने मोजायचे कुठून? आणि नवी संघटना प्रातिनिधिक म्हणून मान्य नसेल तर तिच्याशी बोलायचं कशाला? हजारोंना कामावरून काढलं गेलं. त्या वर्षीच्या मार्चपासून राज्यात सुंदरलाल पटवा यांचं भाजप सरकार होतं. १९९१ च्या सुरुवातीला नियोगींना जुन्या खटल्यांत अटक झाली. सुटल्यावर तडीपारीची कारवाई सुरू झाली. जूनमध्ये केंद्रात नरसिंह राव आले आणि जुलैमध्ये नवं औद्योगिक धोरण.

सप्टेंबर १९९१ मध्ये कामगारांचं शिष्टमंडळ घेऊन नियोगी दिल्लीला गेले आणि राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांना निवेदन दिलं. या भेटीपाशी थोडं थांबायला हवं. वेंकटरामन यांनी वकिलीची कारकीर्द कामगार कायद्यात घडवली होती; १९४९ साली ‘लेबर लॉ जर्नल’ हे नियतकालिक त्यांनीच सुरू केलं, आणि कामगार कायद्याचे निकाल शोधणारे वकील त्याची पानं उलटत आले आहेत. भिलाईत कोणतं कलम कसं मोडलं जातं हे समजून घ्यायला त्यांच्याइतका योग्य माणूस त्या भवनात क्वचितच बसला असेल. पण निवेदनावर राष्ट्रपती काही हुकूम काढू शकत नाही. कागद मंत्रालयाकडे जातो, मंत्रालयाकडून राज्याकडे आणि राज्याकडून ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यालयाकडे.

२८ सप्टेंबरच्या पहाटेच्या अंधारात, भिलाईतल्या हुडको वसाहतीच्या घरात झोपेत असताना नियोगींना गोळ्या घालून मारण्यात आलं. आपला खून होऊ शकतो हे त्यांनी ध्वनिफितीवर बोलून ठेवलं होतं. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोन उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फक्त गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका कायम राहिली. खुनानंतर आंदोलन थांबलं नाही. १ जुलै १९९२ ला भिलाई पॉवरहाउस स्थानकात काढून टाकलेले कामगार बायका-मुलांसह रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात किमान सोळा कामगार मेले. एक पोलीस अधिकारीही मारला गेला. सहा महिन्यांच्या आत पटवा सरकार राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या सहीने बरखास्त झालं. कारण भिलाई नव्हतं, बाबरी मशीद पाडली गेली त्यानंतरची परिस्थिती होती.

न्यायालयांतही वारं फिरत होतं. १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या खटल्यात सांगितलं की ठेकेदारीवर बंदी आली की ते मजूर आपोआप मूळ मालकाचे कामगार होतात. पाच वर्षंही हे टिकलं नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे उलटवलं: ठेका बंद होईल, पण मजूर आपोआप सामावले जाणार नाहीत. ज्या खटल्यात हे ठरलं त्यातली मालक कंपनी होती स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे भिलाई ज्या कंपनीचा कारखाना आहे तीच. गिरींच्या सहीच्या कायद्यातलं ‘निर्मूलन’ त्या दिवशी मजुराच्या दृष्टीने धोक्याचं झालं. ठेका संपवायची मागणी केली तर ठेक्याबरोबर आपलीही रोजी जाईल, हे कळल्यावर अर्ज कोण करणार?

तरीही भिलाईजवळच्या जामुलच्या सिमेंट कारखान्यातल्या ठेकामजुरांनी चिकाटी सोडली नाही. त्यांची प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघ ही संघटना वर्षानुवर्षं न्यायालयांत लढली, आणि कंपनीची मालकी स्वित्झर्लंडच्या होल्सिमकडे असल्याने २०१२ साली थेट स्विस सरकारच्या यंत्रणेकडे तक्रार घेऊन गेली. २०१६ च्या जानेवारीत व्यवस्थापनाला त्यांच्याशी करार करावा लागला. छत्तीसगढच्या एका औद्योगिक गावातले ठेकामजूर हे करून दाखवतात, याचं मोल कुठल्याही निवडणूक निकालाइतकं मानायला हवं.

२०१४ मध्ये केंद्रात सरकार बदललं. वसुंधराराजेंच्या राजस्थानने कपातीच्या परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशेवर नेली. केंद्राच्या कायद्याशी विसंगत बदल राज्याला करायचा तर राष्ट्रपतींची संमती लागते. प्रणव मुखर्जींनी ती त्याच वर्षी दिली. इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. २०१७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत रामनाथ कोविंद जिंकले; त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या मीरा कुमार, स्वतंत्र भारताचे पहिले कामगार मंत्री जगजीवनराम यांच्या कन्या. २०१९ च्या लोकसभा निकालानंतर एकोणतीस केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. वेतनाची संहिता आधी झाली. उरलेल्या तिन्हींवर कोविंद यांनी सही केली ती तारीख २८ सप्टेंबर २०२०. छत्तीसगढच्या कामगार वस्त्यांत त्या दिवशी नियोगींचा एकोणतिसावा स्मृतिदिन होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र सक्तीचं झालं आणि मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर उपदान मिळेल, ही त्यांतली चांगली बाजू. जो मजूर हजेरीपटावर नसल्यामुळे आयुष्यभर हरला त्याच्या दृष्टीने नेमणूकपत्र ही क्षुल्लक बाब नाही. पण ठेकामजुरांची तरतूद आता विसांऐवजी पन्नास मजुरांपासून लागू होते. भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात पन्नासच्या आत मजूर ठेवणाऱ्या ठेकेदाराला त्यामुळे परवानाच नको. मुख्य कामांत ठेका नको असं संहिता म्हणते आणि लगेच अपवादही देते. कपातीसाठी परवानगीची अट तीनशे कामगारांपासून सुरू होते, आणि त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की संबंधित सरकार अधिसूचना काढून ही संख्या आणखी वाढवू शकेल. राजस्थानला २०१४ मध्ये विधानसभेत दुरुस्ती मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीची वाट पाहावी लागली होती. आता भिलाईच्या खासगी कारखान्यांसाठी तो आकडा रायपूरचं सरकार नुसत्या अधिसूचनेने बदलू शकतं. राष्ट्रपती भवनात सहीसाठी पाठवायला लागेल असं त्यात काही उरलेलं नाही. छत्तीसगढ विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ च्या अखेरीस आहे.